लापशीवर पोसलेला माणूस

गॉलवे, रविवार, २४ नोव्हेंबर २०२४

गिरिजा,

‘बोलायचं असेल तर पत्र लिही. फोनवर तू फक्त जिंकतोस,’ हा तुझा निरोप सुरुचीकडून मिळाला. तिने तो वाचून दाखवला, ‘एवढंच म्हणालीय ती’ असं सांगितलं आणि फोन ठेवला. माझ्या बायकोचा निरोप मला तिच्या मैत्रिणीच्या तोंडून, तोही डब्लिनमधल्या सँडीफोर्डहून. मजल कुठवर गेलीय बघ.

तर लिहितो. याआधीचं शेवटचं पत्र मी दहावीच्या पेपरात लिहिलं होतं. पोस्टमास्तरांना, आमच्या भागात पत्रं वेळेवर मिळत नाहीत म्हणून तक्रारीचं. आठपैकी सहा मार्क पडले होते.

एक आधीच सांगून ठेवतो. कारखान्यात कॅथेटरच्या कुठल्याही लॉटचे कागद माझ्या सहीशिवाय हलत नाहीत, आणि तिथला नियम तुला पाठ आहे. लिहिताना चुकलं तर खोडरबर नाही, व्हाइटनर नाही, पान फाडणं तर नाहीच. चुकलेल्यावर एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही आणि तारीख. ज्याने लिहिलं त्यानेच खोडायचं. वाणसामानाच्या यादीत मी ‘तूरडाळ’वर रेघ मारून सही केली होती, त्यावर तू आठवडाभर हसत होतीस. आता हातच असा झालाय, त्याला काय करू? हे पत्रही तसंच होणार.

शुक्रवारी मी कोच स्टेशनवर गेलो होतो. त्या बाजूला काम होतं म्हणून. (खोडलं. मु. २४/११) काम काही नव्हतं. सप्टेंबरात तुझं तिकडचं विद्यापीठ सुरू झाल्यापासून दर शुक्रवारी डब्लिनच्या बसमधून तू उतरायचीस, गाडीत बसल्या बसल्या ‘भूक लागलीय’ म्हणायचीस. हा दुसरा शुक्रवार, तू उतरली नाहीस. ड्रायव्हरने मला ओळखून हात केला, त्याचा मला राग आला.

आता डब्लिनच्या दिवाळीच्या कार्यक्रमाचं. तुला ते एवढं लागेल असं मला वाटलं नव्हतं. तूही जरा माझ्या जागी उभी राहून बघ. हॉलमध्ये तुझ्याभोवती दहा-बारा माणसं. ब्युमॉन्ट हॉस्पिटलचे दोन डॉक्टर, चिप कंपनीतली ती जोडपी, सगळी खुर्च्या ओढून बसलेली. तू पेलॅजियसबद्दल, तुझ्या त्या रोममधल्या जुन्या साधूबद्दल बोलत होतीस आणि कुणी फोनकडे बघत नव्हतं. मी फराळाची प्लेट घेऊन मागे उभा. एकाने वळून विचारलं, ‘तुम्ही गिरिजाचे मिस्टर का?’ आठ वर्षांपूर्वी आयर्लंडात मी आलो, मागून तुला मी आणलं, घराच्या दारावर नाव माझं. आणि मी गिरिजाचा मिस्टर.

मग मी गंमत केली. म्हणालो काय, तर ‘अहो, कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊन वाढलेली ही बाई, हिच्याकडून कसलं रोमन ब्रह्मज्ञान ऐकताय!’ सगळे हसले. तूही हसलीस, मी पाहिलं. मग मी पार्किंगमध्ये गाडी काढून उभा, आणि तू सुरुचीच्या गाडीत.

गंमत होती ती. (हे खोडत नाही. गंमतच होती.)

मुकुल


गॉलवे, रविवार, १५ डिसेंबर २०२४

गिरिजा,

तुझ्या प्रबंधाचं प्रकरण मिळालं. ‘मी काय करते ते तुला माहीत नाही, हे तुझंच म्हणणं ना? मग वाच.’ बरोबर ही एवढीच चिठ्ठी. वाचलं. दोनदा वाचलं. तळटीपांसकट.

खरं सांगू? मेलेल्या माणसावर जळणारा गॉलवेतला मी एकटाच नवरा असेन. तीन वर्षं झाली. तू डोनल फाहर्टीच्या मंगळवारच्या वर्गाला जायला लागलीस तेव्हा मला बरंच वाटलं होतं. लायब्ररी आहे, फुकट आहे, निवृत्त लॅटिन मास्तर शिकवतोय, तुझा वेळ जाईल. जळगावला कॉलेजात इतिहास शिकवणारी तू, इथे पाळणाघरात दुसऱ्यांच्या मुलांची नाकं पुसत होतीस, ते मलाही दिसत होतं. पण मग चहा गाळताना पेलॅजियस, भाजी चिरताना पेलॅजियस. इथे कुणाही तिऱ्हाइताला ‘युअर मॅन’ म्हणतात, तसं तू त्याला म्हणायला लागलीस. युअर मॅन असं म्हणाला, युअर मॅनला रोममधून जावं लागलं. सोळाशे वर्षांपूर्वीचा तो धिप्पाड साधू माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला आणि उठेचना.

आणि तो दुसरा, डोनल. चौऱ्याहत्तर वर्षांचा, कोपर फाटलेलं स्वेटर, ईमेल नाही, मोबाइल नाही. त्याच्यासाठी तू पुरणपोळ्या करून नेल्यास. मला त्या दिवशी आमटी-भात होता. या घरात माझ्या नावापेक्षा या दोघांची नावं जास्त वेळा घेतली गेली, मी मनात मोजत होतो.

प्रकरणाबद्दल. मला समजलं ते असं: हा मनुष्य कुठल्या जातीगोतीचा, कुठल्या मुलखाचा, हे नक्की कुणालाच ठाऊक नाही. त्याने स्वतः कुठे लिहून ठेवलेलं नाही. जे सांगतात ते बहुतेक त्याचे विरोधक. आफ्रिकेतला एक बिशप त्याला ब्रिटन म्हणतो. बेथलेहेमात बसलेला दुसरा एक पंडित लिहितो की हा आयरिश लापशी खाऊन जड झालाय, म्हणून याला काही सुचत नाही. तेही त्याच्याबद्दल की त्याच्या जोडीदाराबद्दल, यावर वाद. आणि त्या एका टोमण्यावरून लोक शेकडो पानं लिहितात, की हा आयरिश होता बुवा! तिसऱ्या पानावर तू म्हणतेस, ‘या वाक्यावरून पेलॅजियस कुठला होता ते कळत नाही. लिहिणाऱ्याला कुठली माणसं हलकी वाटत होती, तेवढं कळतं.’

बरं लिहिलंयस. मास्तरांनी मदत केली असेल. (खोडलं. मु. १५/१२)

पण मूळ भांडणात मी विरोधकांच्या बाजूचा. तुझा पेलॅजियस म्हणतो, माणूस जन्मतः कोरा असतो, मनात आणलं तर चांगलं वागू शकतो. ते म्हणतात, पाप मुळातच येतं, बापाकडून पोराकडे, आपल्या हातात फारसं काही नाही. मला हे पटतं. आमच्या अण्णांनी शेजाऱ्याने स्कूटर घेतली म्हणून त्याच्याशी अकरा वर्षं बोलणं टाकलं होतं. जळकेपणा आमच्याकडे रक्तातच आहे, मी तरी काय करणार?

ख्रिसमसला येणार आहेस का? सुरुचीलाही घेऊन ये, हवं तर.

मुकुल


गॉलवे, रविवार, १२ जानेवारी २०२५

गिरिजा,

ख्रिसमसला आली नाहीस. कार्ड आलं. खाली ‘तिसरं पान पुन्हा वाच’ एवढंच. वाचलं. तिसऱ्या पानात नवीन काही नाही.

तुझं सात ओळींचं पत्र काल मिळालं. चला, काम असलं की नवऱ्याची आठवण येते. वेल्समधल्या विद्यापीठाची तीन वर्षांची संशोधनवृत्ती, त्यासाठी दोन शिक्षकांची शिफारसपत्रं, अर्ज पूर्ण व्हायची तारीख ३१ जानेवारी. एक पत्र मिळालं, दुसरं डोनलचं. त्याच्या वहीत तुझा पत्ता अजून गॉलवेचाच आहे, म्हणून त्याने इकडे टाकलं असं तो म्हणतो, आणि ते आलंय का असं तू विचारतेस.

नाही आलं. एवढं जाड पाकीट पेटीत नजरेतून सुटलं नसतं. (दुसरं वाक्य खोडलं. मु. १२/१) पेटी मी रोज बघतो.

वाईट वाटून घेऊ नकोस, पण एक बोलू? म्हातारा पाच तारखेला बर्फावर घसरला, उजवं मनगट मोडलं, डोक्यालाही मार बसला, हे तूच लिहिलंयस. चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणसाला टाकलं असं नुसतं वाटतही असेल. पत्र मनात लिहिलं असेल आणि मनातच पेटीत टाकलं असेल. जरा नीट विचार त्याला, नक्की टाकलंत का म्हणून.

आणि वेल्स कशाला? तुझा पेलॅजियस तिकडचाही असू शकतो म्हणून? हा माणूस अजून किती गावं बदलणार आहे आणि तू किती?

घर ठीक. मीही इथले लोक म्हणतात तसा ‘ग्रँड’, मजेत. (खोडलं. मु. १२/१)

मुकुल


गॉलवे, रविवार, २ फेब्रुवारी २०२५

गिरिजा,

तारीख गेली. सुरुचीने कळवलं. तू अर्ज अपुरा सोडून दिलास, दुसऱ्या कुणाकडून पत्र घेतलं नाहीस, म्हणाली. ‘डोनलशिवाय मला शिकवलं कुणी?’ असं तू म्हणालीस म्हणे.

मला वाईट वाटलं. तसं आधी बरंही वाटलं होतं. (खोडलं. मु. २/२) नाही, खोडलं तरी ते खरं आहे. बरं वाटलं होतं. म्हटलं, आता शुक्रवारची बस सुरू होईल.

पण गुरुवारी मला केमिस्टच्या दुकानात डोनल भेटला. हात गळ्यात बांधलेला, बटणं चुकीची लावलेली. मला बघून नेहमीसारखा ओरडला नाही. म्हणाला, ‘मुकुल, तिची माफी माग माझ्या वतीने. मी शपथेवर सांगितलं असतं की टाकलं. हिरव्या टपालपेटीच्या तोंडात हात घातल्याचं आठवतंय मला, लोखंड किती गार होतं तेही आठवतंय. पण मंगळवारी तिने घरच्या फोनवर विचारलं, नक्की टाकलंत का, तेव्हा वाटलं की नसेलच टाकलं. ती उगाच विचारणार नाही.’ मग म्हणाला, ‘आमची आईही अशीच गेली. आधी पत्रं विसरली, मग आम्हाला.’ मंगळवारचा वर्ग त्याने बंद केलाय. लायब्ररीत तसं सांगून आला.

मी म्हणालो, होतं असं या वयात. हेच म्हणालो मी. तो ‘थँक्स’ म्हणाला.

म्हणजे बघ, मी म्हणत होतो तेच. त्याच्याकडून चार पानं हाताने लिहून होणं आणि ती आठवणीने पोस्टात पडणं, अवघडच होतं. तू स्वतःला दोष देऊ नकोस, त्यालाही देऊ नकोस.

तेव्हापासून मला जेवण जात नाहीये. दगदग असेल.

मुकुल


गॉलवे, रविवार, २३ फेब्रुवारी २०२५

गिरिजा,

हे पत्र सरळ लिहितो. आज रेघा कमी असतील.

डोनलचं पाकीट ७ जानेवारीला, मंगळवारी, दुपारच्या टपालाने आलं. वर त्याचं ते खाली झुकलेलं अक्षर. मी ते स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, म्हणजे आपल्या कपाटात, तांदळाच्या डब्यामागे ठेवलं. तुझं पत्र नंतर चार दिवसांनी आलं, म्हणजे ठेवलं तेव्हा त्यात काय आहे हे मला माहीत नव्हतं. मला एवढंच वाटलं, की तुला माझ्या पत्राला दोन ओळी लिहायला जमत नाही आणि याची मात्र जाडजूड पाकिटं येतात. एक दिवस राहू दे, म्हटलं. मग तुझं पत्र आलं आणि आत काय आहे ते कळलं. तेव्हाही देता आलं असतं, एकोणीस दिवस होते. मी ‘नाही आलं’ असं लिहिलं, पाकीट वाफेवर उघडलं आणि वाचलं.

चार पानं. तो लिहितो, चाळीस वर्षांच्या मास्तरकीत दुसरा प्रश्न विचारणारे विद्यार्थी त्याला फार थोडे मिळाले. पहिला प्रश्न सगळेच विचारतात, हा माणूस कुठला? तू विचारलंस, हे आपल्याला कोण सांगतंय, आणि त्याचं काय बिघडलं होतं? गिरिजा, आपल्या लग्नाला बारा वर्षं झाली. तुझा दुसरा प्रश्न कुठला असतो हे मला एका आयरिश म्हाताऱ्याच्या पत्रातून कळलं. मी जळून खाक झालो. पत्र परत डब्यामागे गेलं.

मग केमिस्टमधला तो गुरुवार, तो तुला मी आधीच लिहिलाय. त्यात लिहिलं नाही ते हे, की ‘आधी पत्रं विसरली’ असं तो म्हणाला तेव्हा मी एका वाक्यात त्याचं डोकं त्याला परत देऊ शकत होतो. ते वाक्य माझ्या तोंडात होतं. मी खोकल्याचं औषध घेतलं आणि घरी आलो.

त्यानंतर तीन आठवडे काहीच केलं नाही. परवा, शुक्रवारी, कारखान्यात बाहेरून आलेल्या मालाचा कागद सहीला आला. ‘मिळाल्याची तारीख’ असा रकाना असतो. रोज पन्नास वेळा मी तो बघतो. ती तारीख मागेपुढे केली तर आमच्याकडे माणूस त्याच दिवशी घरी जातो, मग तो कितीही जुना असो. मी दोघांना तसं घरी पाठवलंय. माझं पेन त्या रकान्यावर थांबलं आणि पुढे जाईना. पूर्णिमा शेजारी बसते, तिने विचारलं, बरं वाटत नाहीये का? मी सुट्टी टाकून घरी आलो आणि तुझं तिसरं पान वाचलं.

त्यात नवीन काही नाही, असं मी तुला लिहिलं होतं. आता वाचताना मला त्या पंडिताच्या जागी हॉलमध्ये फराळाची प्लेट घेऊन उभा असलेला माणूस दिसला. समोरच्याचं बोलणं खोडता येत नाही, म्हणून तो काय खाऊन वाढला ते काढायचं. त्याने लापशी काढली, मी कळण्याची भाकरी. आणि तुमच्या घरची ती भाकरी मी लग्नानंतर पहिल्यांदा खाल्ली तेव्हा तुझ्या आईकडे चौथी मागितली होती, हे मला त्या हॉलमध्ये आठवलं नाही.

काल सकाळी पाकीट घेऊन डोनलकडे गेलो. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याच्यासमोर ठेवलं आणि सगळं सांगितलं. त्याने चष्मा लावला, पाकीट उचलून खिडकीशी नेलं आणि पोस्टाचा शिक्का किती तरी वेळ बघत राहिला. ‘तीन जानेवारी,’ म्हणाला. ‘शुक्रवार. लोखंड गार होतं.’ त्याचे डोळे भरून आले. मग माझ्याकडे वळून म्हणाला, ‘मला माहीत होतं हं. ती येऊन गेली.’

तू ८ फेब्रुवारीला गॉलवेत येऊन गेलीस, हे मला त्याच्याकडून कळलं. घरापासून पंधरा मिनिटांवर. माझी जानेवारी-फेब्रुवारीची दोन्ही पत्रं तू त्याच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवलीस. ‘जाड पाकीट’ मी खोडलं होतं, पण खालचं वाचता येत होतं. आणि दोन तारखेच्या पत्रात मी ‘चार पानं’ लिहिली होती. किती पानं आहेत हे तुला कुणी सांगितलं नव्हतं, त्याने मलाही नव्हतं सांगितलं. ‘इतिहासवाली बाई आहे ती,’ तो म्हणाला. ‘तिला दोन कागद पुरतात.’ मी चोरी करून वर पावती लिहून देणारा चोर निघालो.

त्याने मग हेही सांगितलं, की वेल्सवाल्यांना तू कळवलंस, आणि ते म्हणाले, मुदतीआधी टाकल्याचा शिक्का असलेलं मूळ पाकीट २८ फेब्रुवारीपर्यंत आणून द्या, अर्ज धरू. ते पाकीट जगात एका माणसाकडे आहे हे तुला ठाऊक होतं. तरी तू मागितलं नाहीस. डोनल म्हणाला, मी तरी मागतो त्याच्याकडे, त्यालाही तू नाही म्हणालीस. ‘आमचा वाद झाला त्यावर. ती म्हणाली, तो आपण होऊन द्यायचा नाही, त्यांच्या घरात तसे जन्मत नाहीत. मी म्हणालो, माणूस आपण होऊन करू शकतो, नाहीतर मी तीन वर्षं तुला शिकवलं काय?’

मी विचारलं, मग तुम्ही जिंकलात?

‘जिंकलो,’ तो म्हणाला, ‘पण सत्तेचाळीस दिवस लागले तुला. त्यातले दहा-बारा दिवस, ती येऊन सांगेपर्यंत, मी रोज सकाळी उठून स्वतःला आईचं नाव विचारत होतो, आठवतंय का बघायला. आता तू जा. चहा विचारत नाही मी तुला.’

आठ वर्षांत या देशातल्या कुठल्याही घरातून मी चहा न घेता बाहेर पडलो नव्हतो. मीटर बघायला येणाऱ्यालाही इथे चहा विचारतात.

पाकीट आज सुरुचीच्या पत्त्यावर नाही, तुझ्या हातात देण्यासाठी मी स्वतः घेऊन निघणार होतो. पण तू दार उघडलंस आणि मला बघून थांबलीस, तर त्यातही मी काहीतरी मागत असेन. म्हणून उद्या सकाळी पोस्ट उघडल्यावर रजिस्टर्डने टाकतो. मंगळवारी मिळेल, तीन दिवस हातात राहतात. आत डोनलची चार पानं, त्याचं मूळ पाकीट, आणि माझ्या सहीचा एक कागद. वेल्सवाल्यांसाठी: हे टपाल ७ जानेवारीला मिळालं, मी ते मुद्दाम अडवून ठेवलं, अर्जदार आणि शिफारस करणारे दोघांचीही चूक नाही. खाली माझं पूर्ण नाव आणि हुद्दा. त्यात काही झाकून ठेवलेलं नाही.

‘रक्तातच आहे’ हे मी पंधरा डिसेंबरला लिहिलं होतं. अण्णांनी अकरा वर्षांत एकदाही शेजाऱ्याचं दार वाजवलं नाही, हे खरं. पण वाजवू शकले नसते असं नाही.

एक गोष्ट मात्र रेघ मारून जात नाही. तू आधी त्याला सांगितलंस, मला नाही, हे कळलं तेव्हा त्याच्या टेबलाशी उभा असताना, हातात ते पाकीट असताना, मी पुन्हा जळलो.

मुकुल


गॉलवे, रविवार, ९ मार्च २०२५

गिरिजा,

तुझं पाकीट उघडलं तर आत माझंच १२ जानेवारीचं पत्र. बरोबर चिठ्ठी नाही. ‘जाड पाकीट’च्या ओळीसमोर समासात पेन्सिलीने तुझी सही आणि तारीख: गि., ४/२. म्हणजे माझं फेब्रुवारीचं पत्र मिळालं त्याच दिवशी तुला कळलं होतं. आणि पत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूला एक ओळ: ‘सप्टेंबरपासून वेल्स. दुरुस्ती ज्याने लिहिलं त्यानेच करायची ना?’

करतो. पत्र परत पाठवतोय. ‘नाही आलं’ या दोन शब्दांवर एक सरळ रेघ, बाजूला ‘आलं. ७ जानेवारी. मी लपवलं.’ सही, आजची तारीख. मागची तारीख घातलेली नाही.

वेल्स मिळालं हे वाचून मी टाळ्या पिटल्या असं नाही. तिकडे नवे मास्तर असतील, नवे लोक खुर्च्या ओढून बसतील, आणि तू कुठली असं विचारतील तेव्हा काय सांगशील ते ऐकायला मी नसेन. तिथल्या माणसांवर मी आत्तापासूनच जळतोय, त्यांची नावं कळायच्या आधी. पण या वेळी माझ्या पेटीत तुझं काही आलं, तर दुसऱ्या दिवशी ते पोस्टात असेल. डोनलचा वर्ग मंगळवारपासून परत सुरू झाला. दारावरची नोटीस मी वाचली, आत गेलो नाही.

राहिलं एक. नऊ नोव्हेंबरला हॉलमध्ये मी जे बोललो, ते कुठल्याच कागदावर नीट नोंदलेलं नाही. पहिल्या पत्रात सांगितलं, पण गंमत म्हणून, आणि वर लिहिलं की हे खोडत नाही. बोललेल्यावर रेघ मारता येत नाही. म्हणून आधी लिहितो.

‘कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊन वाढलेली ही बाई, हिच्याकडून कसलं रोमन ब्रह्मज्ञान ऐकताय!’

(खोडलं. मुकुल गोविंद दामले, ९ मार्च २०२५.)

खालचं वाचता येतंय. ते तसंच राहील.